मुरमाची माती होईपर्यंत

धाराशिव जिल्ह्यात नव्यानं खोदलेल्या एखाद्या विहिरीत डोकावून पाहा. वर हात-दोन हात काळी माती, उन्हाळ्यात भेगाळलेली. तिच्याखाली पिवळट-करडा पट्टा, त्यात चुनखडीचे पांढरे खडे. मग कुदळीनं निघणारा मुरूम, त्याखाली मांजऱ्या आणि तळाशी सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण. हे सगळं मुळात एकाच दगडाचं आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झालेला हा बेसॉल्ट. ऊन, पाणी आणि हवा यांनी त्याचा मुरूम केला. मुरमाची माती व्हायला मात्र मुळं, बुरशी, गांडुळं आणि जिवाणू लागले. बालाघाटच्या माथ्यावर, भूम-वाशीच्या माळांवर जिथे माती धुपून गेली आहे तिथे मुरूम उघडा पडलेला दिसतो. त्यावर कुसळी सोडली तर फारसं काही उगवत नाही.

मंगळाचा पृष्ठभागही बहुतांशी बेसॉल्टचाच आहे. २००४ साली ‘स्पिरिट’ गाडी गुसेव विवरात उतरली आणि तिनं घासून पाहिलेले पहिले दगड बेसॉल्टचेच निघाले. थोडक्यात, मंगळावर मुरूम भरपूर आहे, माती नाही. तिथल्या वस्तीचा विचार करताना लोक रॉकेट, घुमट आणि अवकाशपोशाख यांवर बोलतात. माझ्या मते खरं काम त्यानंतरचं आहे. जे इथे जिवांनी लाखो वर्षं रेंगाळत केलं, ते तिथे काही वर्षांत उरकायचं आणि तेही मोजक्या सामानात.

रॉकेटवर चढणाऱ्या प्रत्येक किलोचा हिशेब ठेवावा लागतो. मंगळाची खेप सव्वीस महिन्यांतून एकदाच निघू शकते आणि वाटेत सहा-सात महिने जातात. सिमेंटची गोणी, खताची गोणी, औषधांचं कपाट न्यायचं म्हटलं तर वसाहत कायम पृथ्वीच्या दारात उभी राहणार. सूक्ष्मजीवांचं आकर्षण इथेच आहे. वाळवलेल्या जिवाणूंची बोटभर कुपी नेली तर तिथल्या पाण्यावर, हवेवर आणि दगडावर तिच्यापासून टाकीभर जिवाणू तयार होतात. अर्थात ते शून्यातून वाढत नाहीत. कार्बन, नत्र, पाणी, स्फुरद, लोह हे सगळं कुठून तरी द्यावं लागतं. मंगळावर यातलं काय आहे, काय नाही आणि काय घातक आहे, हे आधी पाहू.

घातक आहे ते पर्क्लोरेट. २००८ साली ‘फीनिक्स’ यान मंगळाच्या उत्तर ध्रुवाजवळ उतरलं आणि तिथल्या चुऱ्यात सुमारे अर्धा टक्का पर्क्लोरेटचे क्षार सापडले. पुढे ‘क्युरिऑसिटी’ला ते विषुववृत्ताजवळही मिळाले. हा क्षार शरीरात गेला की थायरॉइड ग्रंथीला आयोडीन घेऊ देत नाही. अशा चुऱ्यात वाढलेली भाजी रोज खाणं म्हणजे हळूहळू आजार ओढवून घेणं. मात्र पर्क्लोरेट पाण्यात सहज विरघळतो. चोपण जमीन सुधारताना शेतकरी चर खणून, पाणी सोडून क्षार निचरून काढतो, तसं इथेही करता येईल. फक्त पाणी वाया घालवायची सोय नाही. ते गाळून परत घ्यायचं आणि गाळात साठलेल्या क्षाराचं पुढे काय करायचं तेही ठरवायचं.

या क्षारावर जगणारे जिवाणू पृथ्वीवर आहेत. ते आधी पर्क्लोरेटचं क्लोराइट करतात आणि मग दुसऱ्या विकराच्या मदतीनं क्लोराइट फोडून साधं क्लोराइड आणि ऑक्सिजन वेगळे करतात. ही विकरं बनवणारी जनुकं एखाद्या काटक, ओळखीच्या जिवाणूत बसवायची आणि त्याच्याकडून पाणी शुद्ध करून घ्यायचं, असा प्रस्ताव नासाच्या एम्स केंद्रातल्या लिन रॉथशिल्ड यांनी मांडला आहे. विष जातं आणि वर थोडा ऑक्सिजन मिळतो. प्रस्ताव अजून प्रयोगशाळेच्या पायरीवर आहे.

नत्राची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. मंगळाची हवा ९५ टक्के कार्बन डायऑक्साइडची, नत्र त्यात जेमतेम पावणेतीन टक्के. शिवाय ती हवाच इतकी विरळ की दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी. एवढ्याशा नत्रावर कुठलाही जिवाणू नत्र स्थिर करू शकत नाही. हवा पंपानं दाबावीच लागणार. किती दाबली म्हणजे पुरे? जर्मनीत ब्रेमेनला सिप्रियन व्हर्सो यांच्या गटानं २०२१ मध्ये याचं उत्तर दिलं. ॲनाबिना नावाचा नीलहरित जिवाणू त्यांनी ९६ टक्के नत्र आणि ४ टक्के कार्बन डायऑक्साइडच्या हवेत, पृथ्वीच्या सुमारे एक-दशांश दाबावर, मंगळासारख्या चुऱ्यातून खनिजं मिळवत वाढवून दाखवला. एक-दशांश दाब म्हणजे टाकीच्या भिंती पातळ, वजन कमी. ॲनाबिना सूर्यप्रकाशावर जगतो, नत्र स्थिर करतो, ऑक्सिजन सोडतो, आणि वाळवून कुटला की दुसऱ्या जिवाणूंचं अन्न होतो. वसाहतीच्या अन्नसाखळीतली पहिली कडी बहुधा हीच असेल.

शेतातला नत्र हा मराठवाड्याला नवा विषय नाही. मृगाचा पाऊस पडला की सोयाबीनच्या पेरणीआधी अंगणात ताडपत्री पसरली जाते. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं रायझोबियमचं पाकीट, चिकटण्यापुरतं गुळाचं पाणी, हलक्या हातानं चोळायचं. सोयाबीनचं साल नाजूक असतं, जोर लावला की निघतं आणि बी वाया जातं. मग सावलीत सुकवून लगेच पेरायचं, कारण उन्हात जिवाणू मरतात. परभणीचं कृषी विद्यापीठ आणि तुळजापूरचं कृषी विज्ञान केंद्र वर्षानुवर्षं हेच सांगत आलं आहे. मंगळावरच्या शेतीचे प्रयोगही याच वाटेनं चालले आहेत. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्य विद्यापीठात २०२१ साली मंगळासारख्या चुऱ्यात क्लोव्हर हे द्विदल चारापीक वाढवलं. मुळांवर गाठी करणारा जिवाणू दिलेल्या रोपांची वाढ न दिलेल्यांपेक्षा ७५ टक्के जास्त झाली. चुऱ्यातला नत्र मात्र वाढला नाही. गाठींतला नत्र झाडानंच खाल्ला. जमिनीत तो साठायचा तर काडीकचरा कुजायला हवा, म्हणजे कुजवणारी बुरशी आणि जिवाणू हवेत, म्हणजे पुन्हा काळ हवा.

आपल्या रब्बीच्या पिकावरचा प्रयोग टेक्सासमध्ये झाला. जेसिका ॲटकिन यांच्या गटानं चंद्राच्या मातीसारख्या चुऱ्यात गांडूळखत मिसळलं, बियाण्याला मुळांशी जोडून राहणारी मायकोरायझा बुरशी लावली आणि हरभरा पेरला. २०२४ मध्ये पुढे आलेल्या या कामात तीन-चतुर्थांश चुरा असलेल्या कुंडीतही हरभऱ्याला फुलं आणि घाटे आले. नुसत्या चुऱ्यातली झाडं पिवळी पडून मेली, पण बुरशी लावलेली जरा उशिरा मेली. घाटे आले म्हणून ते खाण्याजोगे ठरत नाहीत. दाण्यांत ॲल्युमिनियमसारखे धातू किती उतरतात ते तपासावं लागतं.

भारताचे स्वतःचे प्रयोग अजून लहान आहेत, पण सुरू झाले आहेत. ३० डिसेंबर २०२४ला उडालेल्या पीएसएलव्ही-सी६०च्या वरच्या टप्प्यात इस्रोनं चवळीचे आठ दाणे एका बंद पेटीत पाठवले. चौथ्या दिवशी ते रुजले, मग पानंही फुटली. २०२५च्या जून-जुलैत शुभांशू शुक्ला अंतराळ स्थानकावर गेले, तेव्हा त्यांच्यासोबत धारवाडहून आखलेला मूग आणि मेथीचा प्रयोग होता. दिल्लीच्या एका संस्थेनं नीलहरित जिवाणू युरियावर आणि नायट्रेटवर कसे वाढतात हे पाहायला दिले होते. युरियावर का, याचं कारण आपल्या मूत्रात आहे.

माणूस रोज साधारण २५ ग्रॅम युरिया मूत्रावाटे टाकतो. सहा जणांची वसाहत धरली तर वर्षाला ५५ किलोच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे मिळते त्या ४५ किलोच्या गोणीच्या हिशेबानं सव्वा गोणी. सोयाबीन-तुरीच्या मुलखात ही मात्रा फार वाटणार नाही, पण मंगळावरचा हा सर्वांत हाताशी असलेला नत्र आहे. आणि त्यावर दोन जण हक्क सांगतात. एक शेतकरी, दुसरा गवंडी.

गवंड्याची बाजू बंगळूरला आहे. भारतीय विज्ञान संस्थेतले आलोक कुमार आणि कौशिक विश्वनाथन, इस्रोचे अर्जुन डे आणि त्यांचे सहकारी यांनी २०२० मध्ये चंद्राच्या आणि २०२२ मध्ये मंगळाच्या मातीसारख्या चुऱ्यापासून विटा केल्या. भट्टी नाही, सिमेंट नाही. स्पोरोसार्सिना पाश्चरी हा मातीतला जिवाणू युरिया फोडतो. त्यातून अमोनिया आणि कार्बोनेट सुटतं, कार्बोनेट कॅल्शियमशी जुळून चुनखडी होते आणि ही चुनखडी कणांच्या फटीत बसून त्यांना धरून ठेवते. विहिरीतल्या त्या पांढऱ्या खड्यांचंच रसायन, साच्यात घातलेलं. मिश्रणात गवारीच्या बियांचा डिंक घातला तर चंद्राच्या विटेची ताकद दहापटींपर्यंत वाढली. मंगळाच्या चुऱ्यात लोह इतकं की जिवाणू त्यात नीट वाढेनात. निकेल क्लोराइड घातल्यावर ते वाढले. युरिया फोडणाऱ्या विकराच्या गाभ्यातच निकेल असतं, त्यामुळे ही निवड आंधळी नव्हती. पुढे याच गटानं पर्क्लोरेट असलेल्या चुऱ्यातही विटा करून पाहिल्या. जिवाणूंची वाढ मंदावली, पण ताणाखाली त्यांनी जास्त चिकट द्रव्य सोडलं आणि योग्य मिश्रणात वीट उलट घट्ट झाली. त्या शोधनिबंधाच्या लेखकांत शुभांशू शुक्ला यांचंही नाव आहे.

आता हिशेब. साठ ग्रॅम युरियातून फार तर शंभर ग्रॅम चुनखडी होते. वर्षाच्या ५५ किलो युरियातून नव्वद किलो. विटेत दहावा हिस्सा चुनखडी लागते असं धरलं तर सगळ्यांचं वर्षभराचं मूत्र घालून तीन किलोच्या जेमतेम तीनशे विटा. तेवढ्यात एक खोलीही उभी राहत नाही. बातम्यांत ‘मूत्रापासून मंगळावर घरं’ असा मथळा येतो तेव्हा हा आकडा कुणी मांडत नाही. मात्र हा सौदा वाटतो तितका वाईटही नाही, कारण नत्र विटेत जात नाही. विटेत जातो तो कार्बन. नत्र अमोनिया होऊन बाहेर पडतो. साचा झाकलेला असेल आणि अमोनिया धरून ठेवला तर तोच शेताला देता येतो. म्हणजे आधी गवंडी, मग शेतकरी, अशी पाळी लावली की भांडण मिटतं.

विटांचा विषय निघाला की या जिल्ह्यात तेरचं नाव टाळता येत नाही. सातवाहन काळात तगर नावानं रोमपर्यंत माहीत असलेलं हे व्यापारी गाव. तिथलं त्रिविक्रमाचं मंदिर विटांचं आहे आणि तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात जुन्या तगरचे अवशेष ठेवलेले आहेत. तेरच्या काही प्राचीन विटा पाण्यावर तरंगतात. मातीत तूस कालवायचं, भट्टीत तूस जळून जातं आणि पोकळ्या राहतात. विटेत जीवसृष्टीचा वापर दोन हजार वर्षांपूर्वी असा व्हायचा. आता उलट मार्ग धरला आहे: पोकळी करायची नाही, पोकळीत चुनखडी भरायची. जिवाणू वीट भाजत नाही, तो फक्त फटी बुजवतो. ती तितकीच घट्ट होते जितकी चुनखडी आत पोचते, म्हणून जाड ठोकळ्याचा गाभा मऊ राहतो ही या पद्धतीची नेहमीची अडचण.

घराचा विचार करताना मला मात्र ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आठवते. किल्लारीचा तो भूकंप लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात झाला. तेव्हाच्या उमरगा तालुक्यातल्या सास्तूरसारखी गावं मातीला मिळाली आणि मृतांचा आकडा दहा हजारांच्या घरात गेला. भूकंप ६.२ रिश्टरच्या आसपासचा, म्हणजे जगाच्या हिशेबात मध्यम. माणसं मेली ती दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि वरच्या माळवदाखाली. उन्हाळ्यात गारवा देणारं ते हातभर मातीचं माळवद, वर्षानुवर्षं नवी माती टाकून टाकून जड झालेलं, झोपलेल्या माणसांवर उतरलं.

मंगळावर हे गणित उलटं पडतं. बाहेर हवा जवळपास नाही, आत माणसाला श्वास घ्यायला दाब हवा. पृथ्वीसारखा दाब ठेवला तर आतली हवा छताच्या प्रत्येक चौरस मीटरला पृथ्वीवरच्या दहा टन वजनाइतक्या जोरानं वर ढकलते. घर कोसळत नाही, फुगून फुटतं. विटांना दाबलं तर त्या तग धरतात, ताणलं तर तडकतात. जिवाणूची वीट याला अपवाद नाही. म्हणून विटांच्या घराला मंगळावर जड छप्परच लागेल. तिथलं गुरुत्वाकर्षण आपल्या ३८ टक्के. दीड टन प्रति घनमीटरचा चुरा धरला तर आतला पूर्ण दाब तोलायला अठरा मीटर माती लागते, आतला दाब अर्धा ठेवला तर नऊ. एवढं माळवद कुणी घालणार नाही. आत फुगवता येणारी हवाबंद पिशवी ताण घेईल आणि बाहेरचं दोन-तीन मीटरचं बांधकाम किरणोत्सर्ग अडवेल, अशी विभागणी जास्त शक्य दिसते. भूकंप मंगळावरही होतात. ‘इनसाइट’ यानानं ४ मे २०२२ला ४.७ तीव्रतेचा धक्का नोंदवला.

इथवर मी ज्या जिवांची नावं घेतली ते जवळजवळ सगळे निसर्गातून जसेच्या तसे घेतलेले आहेत. या विषयावरच्या लिखाणात जनुकं जुळवून हवा तो जीव घडवण्याच्या गोष्टी फार असतात, आणि प्रत्यक्षात अंतराळात गेलेली अशी उदाहरणं थोडी. त्यातलं चांगलं उदाहरण नासाच्या ‘बायोन्यूट्रिएंट्स’चं. जीवनसत्त्वं वर्षानुवर्षं ठेवली की खराब होतात, आणि मंगळाची फेरी तीन वर्षांची. म्हणून बेकरीतल्या यीस्टमध्ये डोळ्यांना लागणारं झिअ‍ॅक्झँथिन आणि बीटा कॅरोटिन बनवणारी जनुकं घातली. २०१९ साली ही पाकिटं अंतराळ स्थानकावर पोचली. पाकिटात सुकं यीस्ट आणि त्याचं अन्न. पाणी घालायचं, ऊब द्यायची, एक-दोन दिवसांत पोषकद्रव्य तयार. २०२२मध्ये त्याच मालिकेत दहीही लावून पाहिलं. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत ॲडम आर्किन यांच्या पुढाकारानं २०१७मध्ये उभ्या राहिलेल्या केंद्रात यापुढचं काम चाललं: मंगळाच्या हवेवर वाढणाऱ्या जिवाणूंकडून प्लास्टिक करून घ्यायचं, त्या प्लास्टिकची अवजारं छापायची, लेट्यूसच्या रोपाला औषध बनवायला शिकवायचं.

जनुकं आणायची कुठून, या प्रश्नाचं एक उत्तर आपल्या डोक्यावर आहे. पस्तीस किलोमीटर उंचीवर हवेचा दाब जवळपास मंगळाच्या जमिनीवर असतो तेवढाच, वर अतिनील किरणांचा मारा. एप्रिल २००५मध्ये हैदराबादहून सोडलेल्या एका बलूननं २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक नळ्यांत भरून आणली. प्रयोगाचे प्रमुख पुण्याच्या आयुकाचे जयंत नारळीकर. नमुने हैदराबादच्या सीसीएमबीत एस. शिवाजी यांच्याकडे आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात योगेश शौचे यांच्याकडे वाटून दिले गेले, म्हणजे एकाची चूक दुसऱ्याला पकडता यावी. जिवाणूंच्या बारा आणि बुरशीच्या सहा वसाहती वाढल्या. त्यांतले तीन जिवाणू विज्ञानाला नवे होते आणि जमिनीवरच्या जवळच्या नातेवाइकांपेक्षा अतिनील किरणांना जास्त दाद न देणारे. एकाला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइलचं नाव मिळालं, एकाला इस्रोचं, एकाला आर्यभटाचं. नारळीकरांना शोध होता परग्रहावरून येणाऱ्या जिवांचा; त्याचा पुरावा यातून मिळाला असं त्यांनी म्हटलं नाही. पण मंगळावर न्यायचा जिवाणू काटक करायचा असेल तर असे जीव कामाचे आहेत. लोणारच्या खाऱ्या, अल्कधर्मी तळ्यातलेही. २०२० साली ते गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेनं त्याचं कारण मीठ आवडणारे सूक्ष्मजीव असल्याचं सांगितलं होतं.

घडवलेला जीव घडवला तसाच राहतो का? मराठवाड्यानं याचं उत्तर कापसात पाहिलं आहे. जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४मध्ये सुरू केलेल्या महिकोच्या बीटी वाणांना मार्च २००२मध्ये परवानगी मिळाली. बोंडअळीला मारणारं जिवाणूचं जनुक कापसात बसवलेलं. सोबत नियम होता: ४५० ग्रॅमच्या पिशवीत १२० ग्रॅम बिगर-बीटीचं पाकीट येईल, ते शेताच्या कडेनं लावायचं, म्हणजे काही अळ्या विषाशिवाय जगतील आणि प्रतिकार पसरणार नाही. बहुतेकांनी ते लावलं नाही. कडेची ओळ अळीला कोण सोडणार? २०१७च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं राज्यभर बोंडं पोखरली. जनुक कापसात शाबूत होतं. बदलली होती अळी.

टाकीतल्या जिवाणूंच्या बाबतीत तर बदलायला बाहेरून कुणी यायची गरज नाही. औषध किंवा प्लास्टिक बनवणं हे जिवाणूच्या दृष्टीनं ओझं. एखाद्या पेशीत ते जनुक बिघडलं की तिची शक्ती वाचते, ती इतरांपेक्षा लवकर दुभागते, आणि काही आठवड्यांत टाकीत कामचुकारांचंच राज्य होतं. यावर जगभर वापरतात तो उपाय विरजणाचाच: मूळ वाण वाळवून किंवा गोठवून जपायचं, टाकी बिघडली की ओतून पुन्हा नव्यानं लावायचं. मंगळावर फरक एवढाच की शेजारी मागायला जाता येत नाही, त्यामुळे मूळ वाण तीन ठिकाणी वेगवेगळं ठेवावं लागेल.

या सगळ्या टाक्या, कुंड्या आणि माणसं एका बंद जागेत ठेवली की काय होतं हे पृथ्वीवर एकदा पाहिलं गेलं आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोनात ‘बायोस्फिअर-२’ नावाच्या साधारण तीन एकरांच्या काचघरात २६ सप्टेंबर १९९१ला आठ माणसं दोन वर्षांसाठी आत गेली. ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून उतरत साडेचौदाच्या आसपास आला. माणसांना झोपेत धाप लागू लागली, शेवटी बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. कारण माती. पिकं जोमानं यावीत म्हणून तिच्यात भरपूर कुजकं खत घातलं होतं, आणि जिवाणूंनी ते खाताना ऑक्सिजन संपवला. मग त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड हवेत का वाढला नाही? तो नव्या काँक्रीटनं शोषला. भिंतींत चुनखडी झाली आणि तिच्यात तो ऑक्सिजन कायमचा अडकला. मंगळावर जिवाणूंच्या विटा, काँक्रीट आणि शेत एकाच छताखाली आणणाऱ्यांनी हा प्रसंग दहा वेळा वाचावा. माती फार सकस असणं हाही तिथे धोका आहे.

बाहेर, उघड्यावर हे जीव सोडायचे का, हा वेगळा प्रश्न. १९६७च्या अवकाश करारानुसार दुसऱ्या ग्रहाचं हानिकारक प्रदूषण टाळायचं आहे, आणि मंगळाच्या पोटात कुठे तरी स्वतःचं काही जगत असेल तर आपले जिवाणू ते शोधणंच अशक्य करतील. निदान ती शंका फिटेपर्यंत सगळं बंद भिंतींआडच व्हायला हवं, असं माझं मत आहे. ज्यांना मंगळ हिरवा करायची घाई आहे त्यांना ते पटणार नाही.

शेवटी जमीन किती लागेल? कोरडवाहू रब्बी ज्वारी एकरी चार क्विंटल धरली तर एका माणसाच्या वर्षभराच्या उष्मांकांना सत्तावीस-अठ्ठावीस गुंठे लागतात. नासाच्या बंद खोल्यांतल्या पिकांच्या अनुभवावरून हेच काम ४० ते ५० चौरस मीटरमध्ये, म्हणजे जेमतेम अर्ध्या गुंठ्यात होतं. जादू काही नाही. पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि प्रकाश पाहिजे तितका दिला जातो. पण प्रकाश फुकट नाही. मंगळावर सूर्य पृथ्वीच्या ४३ टक्केच तापतो. दिव्यांवर पीक घ्यायचं तर ढोबळ हिशेबानं एका माणसाच्या अर्ध्या गुंठ्याला पाच एचपीच्या चार मोटारी दिवसाचे सोळा तास चालवण्याइतकी वीज लागेल. सहा माणसांसाठी चोवीस मोटारी.

त्यात धुळीची वादळं. जून २०१८मध्ये मंगळभर पसरलेल्या धुळीनं सूर्य इतका झाकला की चौदा वर्षं चाललेली ‘ऑपॉर्च्युनिटी’ गाडी १० जूननंतर बोललीच नाही. सौर पत्र्यांवर शेत चालवणाऱ्या वसाहतीचं पीक अशा वेळी आडवं होईल, म्हणून अणुभट्टी की सूर्य हा वाद चालू आहे. बर्कलीच्या गटानं २०२२मध्ये तो जीवोत्पादनाच्या अंगानं मोजला. त्यांच्या मते विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना, मंगळाच्या सुमारे निम्म्या पृष्ठभागावर, सूर्याची वीज वापरून हायड्रोजन करणं आणि तो साठवून त्यावर चालणं परवडतं. या हायड्रोजनवर थेट जगणारे जिवाणूही आहेत. ते हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया घेऊन प्रथिनं बनवतात, प्रकाशाची गरजच नाही, आणि तेवढ्याच विजेत पिकापेक्षा बरंच जास्त अन्न देतात. वाळवलं की पिवळसर पीठ होतं. फिनलंडमध्ये अशा पिठाचा कारखाना उभाही राहिला आहे. त्यामुळे मंगळावर पहिली काही वर्षं ताटात हे पीठ जास्त आणि हरभरा चवीपुरता, असाच बेत राहील.